तीन घरं सरकलेले सूर

तारीख मागच्या वर्षीची तीन फेब्रुवारी, वार शनिवार, दुपारचे साडेबारा. रक्कम चार हजार आठशे पन्नास रुपये. हजर चौघे: मी, माझी बायको सुमन, गायन पार्टीचे प्रमुख दादाराव, आणि बाकावर बसलेली छाया. काउंटरवर ठेवलेली फुटकी पेटी छायाच्या नवऱ्याची, उत्तमची. उत्तम जाऊन सतरा दिवस झाले होते.

रकमेची फोड माझ्या वहीत आहे. नवा भाता सोळाशे. सुतारकाम बाराशे. अकरा पट्ट्या, चाळीसच्या भावाने चारशे चाळीस. उजव्या टोकाच्या खुणांचे तीन सूर आत नव्हते, त्यांचे साडेचारशे. पॉलिश तीनशे साठ. सुरात लावण्याचे आठशे. दादारावांनी दोन हजार आगाऊ दिले आणि चौदा एप्रिलच्या जयंतीचे कार्यक्रम ठरलेले आहेत, मार्चअखेर पेटी हवी, असं सांगितलं. मी तेही लिहिलं. मी सगळं लिहितो. त्या दिवशी एकच वाक्य लिहायचं राहिलं, आणि त्याच वाक्यासाठी हा लेख आहे.

माझं दुकान नवीन जालन्यात, स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर. एकतीस वर्षं मी हार्मोनियम दुरुस्त करतो. आमच्याकडे तिला पेटीच म्हणतात आणि मला मिस्त्री. माझ्या बाकावर सगळे देव आणि सगळे धर्म येऊन बसलेत. जांब समर्थचे एक वयस्क भजनी आहेत, त्यांच्या पेटीत उंदरीण व्यायली होती. पिल्लं मोठी होईस्तोवर त्यांनी पेटी उघडू दिली नाही, एकवीस दिवस नुसत्या टाळांवर भजन केलं. एक कव्वाल दर रमजानच्या आधी येतात आणि आवाज "जरा और जोरदार" करून मागतात. मी काहीच करत नाही, फक्त भात्यावरची धूळ झाडतो. ते खूश होऊन जातात. बियाणे कंपनीतल्या एका साहेबांनी मुलीसाठी बावीस हजारांची पेटी घेतली आणि काचेच्या कपाटात ठेवली. वर्षातून एकदा मी जाऊन ती पुसतो. मी स्वतः बौद्ध घरातला. विहाराची वर्गणी मी कधी चुकवली नाही, पण वंदना मनातल्या मनात म्हणत आलो. दुसऱ्यांचे सूर एवढे बारकाईने तपासल्यावर आपला ऐकवायची हिंमत राहत नाही.

पेटी म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण बहुतेकांना वाटतं आवाज पट्ट्यांतून येतो. पट्टी फक्त दार उघडते. आवाज देते ती आतली पितळेची जीभ. आम्ही तिला सूर म्हणतो. एका लाकडी फळीवर हे सूर ओळीने स्क्रूने बसवलेले असतात, प्रत्येकाखाली एक फट असते, ती त्याचं घर. डावीकडे लांब सूर, जाड आवाजाचे. उजवीकडे आखूड, बारीक आवाजाचे. प्रत्येक सुरावर त्याच्या घराची खूण ठोकलेली असते. उत्तमच्या पेटीत सदतीस पट्ट्या, सदतीस घरं, सदतीस सूर. यात श्रद्धेचा काही भाग नाही, असं मी गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत असे.

आता ती पेटी फुटली कशी ते. उत्तम घनसावंगी तालुक्यातला. जिनिंगमध्ये हमाली करायचा आणि पार्टीत पेटी वाजवायचा. सतरा जानेवारीला संध्याकाळी, दिवस नुकता बुडालेला, तो मोटारसायकलवर पेटी बांधून सरावाला निघाला होता. रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. टायर बसला म्हणून मालक ट्रॅक्टर सोडून चहाला गेला होता. ट्रॉलीच्या मागे लाल दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही, एक साधी फांदीसुद्धा लावलेली नाही. अंधारात उसाची ट्रॉली दिसत नाही, ती रस्त्याच्याच रंगाची असते. एका ट्रॉलीला मागून लावायला जेवढी रेडियम पट्टी लागते तिची किंमत चाळीस रुपये. मी मुद्दाम दुकानात जाऊन विचारून आलो. टन-टन ऊस मोजून देणाऱ्या माणसाला चाळीस रुपये मोजता आले नाहीत. पुढे तो म्हणाला की गाडी जोरात होती. मागे पेटी बांधलेला पेटीवाला गाडी जोरात चालवत नाही, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं. तो माणूस छायाच्या दारी आजपर्यंत आलेला नाही.

दुसरे पुष्कळ आले. मातीला आलेल्या एकाने, राख गरम असताना, तिला अनित्यतेवर अर्धा तास ऐकवलं. अनित्यता खरी आहे, मला मान्य आहे. पण खरी गोष्टही कोणाच्या डोक्यात धोंड्यासारखी घालता येते. छाया त्या दिवसापासून वंदनेला बसली की ओठ मिटून घ्यायची. पार्टीत ती दुसरा आवाज होती. उत्तमने स्वतः रचलेलं बुद्धाचं एक गाणं ती एकटी म्हणायची आणि गावोगाव लोक तेच पुन्हा मागायचे. आता घरातसुद्धा तिच्या तोंडून सूर निघत नव्हता.

तर त्या शनिवारी दादाराव पैसे मोजत असताना ती पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "मिस्त्री, तिचा आवाज बदलू नका. ते गाणं मला एकदा म्हणायचंय. मंग न्हाई म्हणणार कधी."

मी म्हणालो, काळजी करू नका. आणि ते लिहिलं नाही, कारण ते कामाच्या यादीत बसत नव्हतं.

पेटी उघडली तेव्हा माझा संताप झाला. भाता फाटल्यामुळे ती वाजत नव्हती, पण डोळ्यांना दिसत होतं: एकही सूर आपल्या घरात नव्हता. प्रत्येक सूर तीन घरं उजवीकडे सरकवलेला. फळीवर नवी भोकं पाडलेली, जुनी भोकं आगकाडीचे तुकडे ठोकून बुजवलेली. डाव्या टोकाला तीन जास्तीचे खर्जाचे सूर घुसवलेले. एकतीस वर्षांत असा अडाणीपणा पाहिला नव्हता. कोणत्या शहाण्याने ही पेटी उघडली असेल, त्याला मी मोठ्याने नावं ठेवली.

सुमन दुकानातच भात्याची घडी चिकटवत होती. तिने फळीकडे बघितलं आणि विचारलं, "सगळेच्या सगळे एकसारखेच तीन घरं कसे चुकतील हो? चूक अशी मापात असती का?"

मी तिला म्हणालो, तू घडी नीट चिकटव.

आठ दिवस लावून मी सगळे सूर आपापल्या घरी नेले. आगकाड्या काढल्या, जुनी भोकं साफ केली, नवी भोकं खुंट्या मारून बंद केली. जास्तीचे तीन खर्जाचे सूर सुट्या मालाच्या डब्यात टाकले, उजवीकडे तीन नवे बसवले, यंत्र लावून एकेक सूर काट्यावर आणला. सत्तावीस मार्चला दादाराव पेटी घेऊन गेले, उरलेले अठ्ठावीसशे पन्नास दिले. मी पावतीवर लिहिलं, "सर्व सूर शास्त्रशुद्ध केले." त्या ओळीची मला आज फार लाज वाटते.

जयंतीच्या फलकावर दादारावांनी छायाचा फोटो छापला. खाली, कालकथित उत्तम यांच्या पत्नी. तो फलक मी जालन्यात पाहिला आणि बरं वाटलं, म्हटलं बाई गाते आहे. तसं काही नव्हतं. हे मला कळलं ते तीस एप्रिलला, मंगळवारी. छाया एकटी आली, आधी जीपने, मग बसने. सुमनने पाणी दिलं. मी विचारलं, पेटी कशी वाजते.

म्हणाली, पेटी झकास वाजते, माझाच गळा गेला.

तिने जे सांगितलं ते असं. गावच्या विहारात दुपारी सराव ठेवला होता. नवा पेटीवाला उत्तमच्याच पट्टीत वाजवत होता, काळी एक. गायक आपला सा ज्या पट्टीवर धरतो ती त्याची पट्टी. दादाराव काळी एकमध्ये गातात, म्हणून अख्खी पार्टी काळी एकमध्ये. आमच्याकडे हा रिवाजच आहे, मुख्य गायकाची पट्टी तीच पार्टीची. बाईचा गळा वेगळा असतो हे कोणी धरतच नाही. छायाने गाणं धरलं. धृपद कसंबसं निघालं. वरच्या ओळीला आवाज फाटला. पुन्हा धरलं, पुन्हा फाटला. ढोलकीवाला खाली बघायला लागला. तेव्हा दादाराव तिला म्हणाले, "वहिनी, राहू द्या. तुमचा आवाज उत्तमसंगच गेला."

आणि मग त्यांनी तिला स्टेजवर नुसतं बसवलं. अकरा गावांत, अकरा रात्री, पांढऱ्या साडीत, हात जोडून. माइकवरून तिच्याकडे बोट दाखवून झालं की लोक नोटा ठेवायचे. गायला येत नाही म्हणून तिची नुसती सूरत वापरली. दादाराव वाईट माणूस नाही. त्याच्या पार्टीवर सात घरं चालतात, हे त्याने मला पुष्कळदा सांगितलं आणि ते खरं आहे. पण माणसाचं दुःख तिकिटासारखं फाडायचं नसतं.

छायाला याचा राग नव्हता. तिचं म्हणणं दुसरंच होतं. "दोन वर्सापूर्वी गळा असाच दुखायचा. सोडूनच देऊन राह्यले होते. मंग वंदना नेमानं धरली अन् एकदम आवाज सुटला. मला वाटलं, तथागतानं दिला. आता त्यानं काढून घेतला." तिने पिशवीतून चुन्याची जुनी डबी काढली. "त्यायच्या कपड्यांत सापडली. पेटीचंच काही असंल तर ठेवा तुमच्यापाशी. मला काय करायचं."

डबीत पितळेचे तीन आखूड सूर होते. मी उचलून खुणा वाचल्या. उजव्या टोकाची शेवटची तीन घरं. मला वाटलं होतं हे अपघातात उडाले. पण त्यांच्यावर ओरखडा नव्हता. ते कोणीतरी हाताने, स्क्रू फिरवून, जपून काढले होते आणि कागदात गुंडाळले होते.

मी उठलो आणि जुन्या वह्या काढल्या. मला सुमनचं वाक्य आठवायला लागलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या वहीत ऑक्टोबरात सापडलं, माझ्याच अक्षरात: "उत्तम, घनसावंगी. खर्जाचे तीन सूर. रु. ४५० रोख मिळाले." मीच विकले होते. पेटी न आणता माणूस तीन सुटे खर्जाचे सूर का मागतो, हे मी त्याला विचारलं नव्हतं.

मग माझ्या डोक्यात सगळं लागलं. उत्तमला एकच पट्टी वाजवता येत होती. तिशी उलटल्यावर शिकलेला माणूस, पोती उचलून बोटं जाड झालेली. दुसरी पट्टी शिकायला त्याला दोन वर्षं लागली असती. शिकला असता तरी दादारावांनी बाईसाठी पार्टीची पट्टी उतरवू दिली नसती. म्हणून त्याने बोटं होती तिथेच ठेवली आणि आतले सूर हलवले. प्रत्येक सूर तीन घरं उजवीकडे. बोट पडतं काळी एकवर, आवाज येतो तीन सूर खालचा, काळी पाचचा, जिथे बहुतेक बायांचा गळा सुखाने चालतो. श्रीमंत गवयांसाठी पट्ट्यांचा अख्खा संच सरकणाऱ्या पेट्या मिळतात, माझ्याकडे त्यांची किंमत पस्तीस हजारांपासून सुरू होते. हमालाने तेच काम साडेचारशे रुपयांत आणि आगपेटीत केलं होतं. मी ते अडाणीपणा म्हणून पुसून टाकलं आणि वर शास्त्रशुद्ध असं लिहून दिलं.

मी तिला सगळं सांगितलं. डबीतले सूर काउंटरवर मांडून, वही समोर धरून सांगितलं. माझी चूक आहे, तुमच्या गळ्याला काही झालेलं नाही, असंही.

तिने वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. नंतर चिडली. माझ्यावर नाही, उत्तमवर. "म्हंजे वंदनेनं सुटला न्हाई आवाज? ह्या माणसानं स्क्रू फिरवले अन् मला म्हणे, छाया, तुझा गळा उघडला. दोन वर्सं फसवलं मला."

माझा धंदा स्क्रूचा, मी स्क्रूच्याच बाजूचा.

सुमनने तिला विचारलं, त्याने हे कधी केलं असेल, आठवतं का. छायाला आठवलं. दिवाळीच्या सुटीत आठ दिवस पेटी उघडी पडली होती. घरभर स्क्रू. ती पोळ्या लाटताना पायाखाली एक आला, तेव्हा तिने त्याला त्याच्या आईवरून बोलून घेतलं होतं. तो स्क्रू उचलून पुन्हा कामाला लागला. एकेक सूर बसवायचा, भाता मारायचा आणि तिला म्हणायचा, जरा एवढी ओळ म्हण बरं. ती पिठाच्या हाताने म्हणायची. तो मान हलवून पुन्हा स्क्रू काढायचा.

सांगता सांगता ती थांबली. "मला वाटायचं, सराव करून राह्यलाय," ती म्हणाली. "माझं माप घेऊन राह्यला होता."

आणि हसली. ते हसू फार चांगलं नव्हतं, रडण्याला लागूनच होतं, पण सतरा जानेवारीनंतर तिचं पहिलंच असावं. जाताना तिने विचारलं, परत तसंच होईल का. मी म्हणालो, पेटी माझ्याकडे आली की चार दिवस.

पेटी दादारावांकडे होती. सर्व्हिसिंग राहिली आहे म्हणून मी ती मागवून घेतली. एकतीस वर्षांत गिऱ्हाइकाशी बोललेलं हे एकच खोटं. फळी काढली, माझ्या खुंट्या उपसल्या, उत्तमची भोकं पुन्हा उघडली. त्याच्या भोकांचं माप मी त्या वेळी घेतलं नव्हतं, आता घेतलं. सदतीसांपैकी चौतीस भोकं केसभरही चुकलेली नव्हती. त्याच्याकडे ड्रिल नव्हतं. चुलीत लोखंडी सळई तापवून पाडली असावीत, कडा जळलेल्या होत्या. सुट्या मालाच्या डब्यातून ते तीन खर्जाचे सूर शोधले. दोन लगेच सापडले, तिसऱ्यासाठी सगळा डबा सतरंजीवर ओतला.

पाचव्या दिवशी दादाराव आले. त्यांनी पेटी उघडली, काळी एकवर बोट ठेवलं, आणि खोटं बोलणं मला फार वेळ जमणार नव्हतं, म्हणून मी सगळं सांगून टाकलं. ऐकताना त्यांचा चेहरा लाल होत गेला.

"म्हंजे मी दोन वर्सं बायांच्या पट्टीत गात व्हतो?"

"हो. आणि लोक टाळ्या देत होते."

त्या दोन वर्षांत त्यांचा गळा एकदाही बसला नव्हता, हे त्यांनीच मला पूर्वी कौतुकाने सांगितलेलं होतं. वय वाढलं तसा आवाज भरदार झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याची आठवण मी करून दिली. ती करून द्यायला नको होती.

ते म्हणाले, मला उल्लू बनवलं, ही पेटी पार्टीची आहे, मला काळी एकची पेटी बराबर करून दे. मी म्हणालो, पेटी उत्तमने त्याच्या पैशांनी घेतली, हे तुम्हालाही माहीत आहे. ते म्हणाले, दुरुस्तीचा खर्चा कोणी केला? हा मुद्दा बिनतोड होता. मी गल्ला उघडला, चार हजार आठशे पन्नास मोजले, वहीत त्यांची सही घेतली. त्यांनी सही केली, नोटा दोनदा मोजल्या आणि दारातून म्हणाले, "मिस्त्री, तुमच्यासारख्यानं पार्ट्या मोडतेत." मी म्हणालो, बाईला बाहुलीसारखं बसवल्याने मोडत नाहीत का. ते गेले. वर्षभर आमचं बोलणं नव्हतं. आता आहे.

वैशाख पौर्णिमेला छायाने गावच्या विहारात गायचं ठरवलं. पार्टी येणार नव्हती. पेटी कोण वाजवणार, हा प्रश्न निघाला. सुमनने माझ्याकडे बघितलं. मी तिला समजावलं की पेटी दुरुस्त करणं आणि वाजवणं यात सायकलचं पंक्चर काढणं आणि शर्यत जिंकणं एवढा फरक आहे. ती म्हणाली, शर्यत कोण मागून राह्यलंय? सोळा दिवस मी शटर ओढून दुपारी सराव केला. एकच गाणं, एकच पट्टी, काळी एक. माझी बोटं उत्तमच्या बोटांपेक्षा वाईट निघाली.

विहारात साठ-सत्तर माणसं होती. पंखा एकच. भन्तेजींनी वंदना घेतली. छाया माझ्या शेजारी बसली होती आणि मी तिच्याकडे न बघता कानाने बघत होतो. त्रिसरणाला तिचे ओठ हलले. पंचशीलाला आवाज आला, बारीक, शेजारच्या माणसाला कळेल एवढाच. मग मी भाता हलवला. उत्तमच्या गाण्याची ओळ होती, "दिवा माझा विझू आला, वात तुझी दे." गावठी चाल, कवितेच्या दृष्टीने फार मोठी नसेल. तिने धृपद धरलं. वरची ओळ जवळ आली. माझं माप चुकलं असेल तर ते आता सगळ्यांसमोर कळणार होतं. ती ओळ आली आणि गेली. आवाज फाटला नाही. तिने ती पुन्हा घेतली, गरज नसताना, आणि तिसऱ्यांदा नुसती ओळीतली शेवटची जागा घेतली. तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते, हात उघडे मांडीवर होते आणि चेहरा बुद्धमूर्तीकडे होता. तिसऱ्यांदा घेतलेली ती जागा आम्हा कोणासाठी नव्हती.

बायांनी धृपद उचललं. मग पुरुषांनी. मीसुद्धा म्हटलं, मोठ्याने. सुरात होतं की नाही, ते मी तपासलं नाही.

नंतर तिने मला सांगितलं की वंदनेने गळा उघडला की स्क्रूने, याचा तिने फार विचार केला आणि सोडून दिला. "त्यायनी पेटी उघडली तवा मी वंदनाच म्हणून दाखवत होते," ती म्हणाली. "कोणतं आधी अन् कोणतं मंग, कसं काढायचं?" मला हिशेबात अडकलेली बाकी लगेच दिसते, पण हा हिशेब मलाही सुटला नाही. आता ती दर पौर्णिमेला गाते. पेटी स्वतः शिकली आणि आता दोन मुलींना शिकवते, काळी एकमध्ये.

त्या दिवशी पेटीवर लोकांनी ठेवलेल्या नोटा मी तिथेच मोजल्या. तेराशे दहा रुपये. मी दुरुस्तीचा छदामही घेणार नव्हतो. छाया म्हणाली, जेवढी तुमची चूक, तेवढं तुमचं, बाकीचं माझं. तीन बारीक सूर आणि सुरात लावण्याचे मिळून साडेबाराशे माझ्या चुकीचे. राहिले छत्तीसशे. महिन्याला तीनशे, बारा महिने, एकही हप्ता चुकला नाही. पण त्या तेराशे दहाला तिने हात लावू दिला नाही. हे त्यायच्या गाण्याचे आहेत, म्हणाली.

ऑक्टोबरच्या शेवटी तिचा फोन आला, रेडियम कुठे मिळतं. मी तिला स्टेशनजवळच्या दुकानात नेलं. कारखाना सुरू झाला त्या आठवड्यात ती गावच्या फाट्यावर उभी राहिली, हातात लाल पट्ट्यांची गुंडाळी आणि फडकं. सुमन आणि मी गेलो होतो. ट्रॉली थांबवायची, मागचं लोखंड पुसायचं, पट्टी चिकटवायची. ड्रायव्हर कुरकुरत होते, जल्दी करा म्हणत होते. चिकटवताना ती ते गाणं पुटपुटत होती. सातवी ट्रॉली त्या माणसाची आली. स्वतः चालवत होता. त्याने तिला ओळखलं, ट्रॅक्टर बंद केला आणि खाली उतरला. ती आधीच मागे गेली होती. तिने त्याचं लोखंड इतरांपेक्षा जास्त वेळ पुसलं, दोन्ही टोकं घट्ट दाबली. त्याने खिशात हात घालून विचारलं, किती झाले. मी पुढे होऊन आकडा सांगणार होतो, फार मोठा आकडा माझ्या तोंडाशी आला होता. ती म्हणाली, "तुमच्याकून न्हाई घ्यायचे. ही पुसत जा मातर, चिखल बसतो." तो तसाच उभा राहिला. मागची ट्रॉली हॉर्न द्यायला लागली तेव्हा निघाला.

हिशेब असा. बत्तीस ट्रॉल्या, चाळीसच्या भावाने बाराशे ऐंशी रुपये, रेडियमवाल्याला रोख दिले, छायाच्या हातून. उरलेले तीस, तिच्या परतीच्या जीपवाल्याला. ट्रॉलीमालकाकडून आजवर मिळाले शून्य. हजर: छाया, सुमन आणि मी.